आधी काय, नंतर काय : मेडिसिनच्या उजळणीविषयी वाचकांचे प्रश्न

अंतर्गत वैद्यकशास्त्र, म्हणजेच विद्यार्थी ज्याला नुसते ‘मेडिसिन’ म्हणतात त्या विषयाच्या परीक्षेसंबंधी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतून एक तक्रार पुन्हा पुन्हा डोकावते : वाचलेले आठवते, पण प्रश्नात रुग्ण समोर ठाकला की पहिले पाऊल कोणते टाकायचे हे सुचत नाही. म्हणून या वेळी निदान आणि तातडीचे उपचार यांच्या क्रमाविषयीचीच पत्रे निवडली आहेत. येथे दिलेल्या मात्रा प्रौढ रुग्णांच्या आणि परीक्षेच्या तयारीपुरत्या आहेत. प्रत्यक्ष रुग्णापाशी वरिष्ठांचा शब्द आणि त्या त्या रुग्णालयाची ठरलेली कार्यपद्धती हीच प्रमाण मानावी.

प्रश्न : मेडिसिनचे पुस्तक दोनदा वाचून झाले आहे. प्रत्येक रोगाची कारणे, लक्षणे, तपासण्या आणि उपचार अशा वह्याही काढल्या आहेत. तरीही केसवर आधारलेल्या प्रश्नांत मी नेहमी शेवटच्या दोन पर्यायांपाशी येऊन अडकते. उजळणी नेमकी कशी करावी? — अंतिम वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : तुमच्या वह्या रोगांच्या नावाने लावलेल्या आहेत आणि रुग्ण तक्रार घेऊन येतो, अडचण इथे आहे. ‘महाधमनीचे विदारण’ (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीची भिंत आतून फाटणे) या मथळ्याखाली तुम्ही जे लिहिले आहे ते बरोबरच असेल. पण प्रश्नात तो मथळा नसतो, तिथे फक्त ‘छातीत अचानक दुखू लागलेला ५८ वर्षांचा पुरुष’ असतो. म्हणून आता तिसऱ्यांदा पुस्तक उघडण्यापेक्षा असलेल्या माहितीची मांडणी बदला. छातीत दुखणे, धाप लागणे, शुद्ध हरपणे, आकडीचे झटके, ताप आणि मान आखडणे, रक्ताची उलटी, एका अंगाची ताकद जाणे, रक्तदाब कोसळणे अशा तक्रारींना एकेक कोरे पान द्या. प्रत्येक पानावर सर्वांत आधी येणारे नाव सर्वाधिक आढळणाऱ्या रोगाचे नसावे, तासाभरात जीव घेऊ शकणाऱ्या रोगाचे असावे. छातीत दुखण्याच्या पानावर हृदयविकाराचा झटका, महाधमनीचे विदारण, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी, टेन्शन न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती कोंडलेल्या हवेचा दाब), हृदयावरणात साचलेल्या द्रवाचा दाब आणि अन्ननलिका फाटणे ही सहा नावे वर असली पाहिजेत. आम्लपित्त आणि बरगडीचे दुखणे त्यांच्यानंतर.

दोन पर्यायांपाशी अडकणे म्हणजे दोन्ही रोग माहीत असणे, पण त्यांच्यातला फरक स्वतंत्रपणे कधी लिहून न काढणे. हृदयविकाराचा झटका आणि महाधमनीचे विदारण हीच जोडी घ्या. विदारणाची वेदना पहिल्याच क्षणी शिगेला पोचलेली असते, झटक्याची बहुधा चढत जाते. विदारणात दोन हातांच्या रक्तदाबांत ठळक फरक सापडू शकतो, महाधमनीची झडप गळू लागल्याचा नवा मर्मर (हृदयाचा जादा आवाज) ऐकू येऊ शकतो आणि एक्स-रेमध्ये छातीचा मधला भाग रुंदावलेला दिसू शकतो. यापुढची गोष्ट परीक्षकांच्या आवडीची आहे. विदारण उजव्या कोरोनरी धमनीच्या मुखापर्यंत पोचले तर इसीजीत खालच्या भिंतीच्या झटक्यासारखाच एसटी (आलेखाचा एक भाग) उंचावतो, म्हणजे एसटी उंचावला म्हणून विदारण नाही असे म्हणता येत नाही, आणि अशा रुग्णाला गुठळी विरघळवणारे औषध दिले तर ते जिवावर बेतते. प्रश्नात एसटी उंचावल्याच्या जोडीला ‘पाठीत फाटल्यासारखी कळ’ किंवा दोन हातांचे वेगवेगळे रक्तदाब दिले असतील, तर ते शब्द तिथे शोभेसाठी घातलेले नसतात.

उपचाराचा क्रमही याच पानावर, कारणासकट लिहावा. विदारणात आधी बीटा-ब्लॉकर देऊन नाडी मिनिटाला ६० च्या आसपास आणायची आणि मग गरज पडली तरच रक्तवाहिन्या सैलावणारे औषध द्यायचे. कारण ते औषध एकटेच दिले तर रक्तदाब उतरताच हृदय जोराने धावू लागते आणि फाटलेल्या भिंतीवरचा ताण वाढतो. कारण कळले की क्रम वेगळा पाठ करावा लागत नाही.

राहिला प्रश्न पान वाचायचे की आठवायचे याचा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत पान मिटून आठवून पाहणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. वाचताना येणारा ‘हे मला येते’ असा भास त्या पहिल्या पाच मिनिटांतलाच असतो. तेव्हा तक्रारीचे पान समोर न ठेवता कोऱ्या कागदावर उतरवा आणि मग ताडून पाहा. इसीजीच्या बाबतीत आणखी एक पथ्य पाळा : एकाच प्रकारचे इसीजी एका बैठकीत ओळीने पाहू नका, सरमिसळ करून पाहा. दहा इसीजींचा गठ्ठा ‘हायपरकॅलेमिया’ (रक्तातील पोटॅशियम वाढणे) या शीर्षकाखाली पाहिला की अकरावा ओळखण्यात काही पुरुषार्थ उरत नाही.

प्रश्न : ‘यापुढचे योग्य पाऊल कोणते?’ या प्रश्नात कधी तपासणी हे उत्तर असते, कधी थेट उपचार. हे ठरवायचे कशावरून? काही नियम आहे का? — एक प्रशिक्षणार्थी डॉक्टर

उत्तर : नियम आहे, आणि तो दोन प्रश्नांत मावतो. वाट पाहिली तर काय बिघडेल? आणि निदान चुकले असताना उपचार दिला तर काय बिघडेल? पहिल्याचे उत्तर ‘रुग्ण दगावेल’ आणि दुसऱ्याचे ‘फारसे काही नाही’ असे असेल, तर उपचार आधी.

टेन्शन न्यूमोथोरॅक्समध्ये एका बाजूचा श्वास ऐकू येत नाही, श्वासनलिका सरकलेली असते, मानेच्या शिरा फुगलेल्या असतात आणि रक्तदाब कोसळत असतो. पर्यायांत छातीचा एक्स-रे दिलेला असतो तो तुम्हाला मोहात पाडण्यासाठी. सुई घालून हवा बाहेर काढायची, मग नळी टाकायची, एक्स-रे त्यानंतर. ॲनाफिलॅक्सिसमध्ये (ॲलर्जीची जीवघेणी प्रतिक्रिया) ॲड्रिनलिन, रक्तातील साखर घसरून बेशुद्ध झालेल्या रुग्णात ग्लुकोज आणि मॉनिटरवर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (हृदयाची निष्फळ थरथर) दिसताच विजेचा शॉक ही याच गटातली उत्तरे. रक्तातील पोटॅशियम वाढून इसीजीत टी-लहर टोकदार आणि क्यूआरएस (ठोक्याची मुख्य लहर) रुंद झाला असेल, तर शिरेतून कॅल्शियम देण्यासाठी पोटॅशियमच्या फेरतपासणीची वाट पाहायची नसते. या कॅल्शियमने पोटॅशियम कणभरही उतरत नाही, ते फक्त हृदयाच्या स्नायूला संरक्षण देते आणि तेही अर्धा-एक तासच. म्हणून पाठोपाठ इन्शुलिन-ग्लुकोज आणि सालब्युटामॉल देऊन पोटॅशियम पेशींत ढकलावे लागते आणि शेवटी लघवीवाटे, आतड्यावाटे किंवा डायलिसिसने शरीराबाहेर काढावे लागते. ‘पोटॅशियम सर्वांत जलद कमी करणारा उपाय’ असे विचारले असेल तर कॅल्शियम हे उत्तर चूक आहे, आणि ‘सर्वप्रथम काय द्याल’ असे विचारले असेल तर बरोबर. प्रश्नातले क्रियापद वाचा.

याच्या उलट पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचे औषध देण्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन झालाच पाहिजे, कारण रक्तस्राव असताना ते औषध दिले तर ते घातक ठरते. बोटातून रक्तातील साखर तपासणेही आधीच, कारण साखर घसरल्यानेही एक अंग लुळे पडू शकते. लक्षणे सुरू होऊन साडेचार तास उलटलेले नसणे आणि रक्तदाब १८५/११० च्या खाली असणे या दोन अटी अल्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाच्या प्रश्नात जवळपास दरवेळी दडलेल्या असतात. ‘सकाळी उठल्यावर लक्षात आले’ असे असेल तर वेळ उठल्यापासून नाही, रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजायची.

मेंदूज्वराचा प्रश्न या दोन टोकांच्या मधला आहे आणि म्हणूनच तो जास्त विचारला जातो. ताप, डोकेदुखी, आखडलेली मान आणि गुंगी असलेल्या रुग्णाला डोळ्याच्या मागच्या पडद्यावर सूज आहे किंवा आकडी येऊन गेली आहे, तर पाठीच्या मणक्यातून पाणी काढण्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. मग अँटिबायोटिक कधी? रक्ताचे कल्चर घेतल्याबरोबर, स्कॅनला पाठवण्याआधी. डेक्सामेथॅसोन पहिल्या मात्रेच्या आधी किंवा तिच्याबरोबर. विद्यार्थ्यांना भीती वाटते की औषध दिले तर पाण्याच्या तपासणीत काही उरणार नाही. कल्चर निर्जंतुक येऊ शकते हे खरे. परंतु पेशींची संख्या, प्रथिने आणि साखर यांतील बदल लगेच पुसले जात नाहीत आणि निदान त्यांवरून करता येते. तास-दोन तासांच्या उशिराची भरपाई मात्र कशानेच होत नाही.

जाता जाता एक सूचना. लांबलचक प्रश्नात आधी रक्तदाब आणि शुद्ध यांचे वर्णन शोधा. नाडी १८० असलेल्या दोन रुग्णांपैकी ज्याचा रक्तदाब ७०/४० आहे त्याला लयीशी जुळवलेला विजेचा झटका आणि जो नीट बोलतो आहे, ज्याची लय नियमित आणि क्यूआरएस अरुंद आहे त्याला आधी व्हेगस मज्जातंतू उत्तेजित करण्याची युक्ती व मग ॲडिनोसिन. आजाराचे नाव दोघांत तेच असू शकते.

प्रश्न : डायबेटिक कीटोॲसिडोसिसचे (मधुमेहात इन्शुलिनअभावी रक्तात कीटोन्स ही आम्ले साचणे) उपचार पाठ आहेत : सलाइन, इन्शुलिन, पोटॅशियम. तरीही सराव परीक्षेत ‘इन्शुलिन सुरू करा’ हे उत्तर चुकले आणि कारण कळले नाही. — पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी करणारा वाचक

उत्तर : तुम्ही प्रश्न पाठवला नाही, पण तो कसा असेल याचा अंदाज करता येतो. असाच एक रचून पाहू. २४ वर्षांची तरुणी, दोन दिवस उलट्या, खोल आणि जलद श्वास. रक्तातील साखर ४८० मिलिग्रॅम, पीएच ७.०८, सोडियम १३४, क्लोराइड ९८, बायकार्बोनेट ८, पोटॅशियम ३.०. सलाइन सुरू आहे, लघवी होते आहे. पुढे काय?

आधी आकडे वापरा. १३४ मधून ९८ आणि ८ वजा केले की ॲनायन गॅप (रक्तातल्या न मोजलेल्या आम्लांचा अंदाज देणारा फरक) २८ येते, म्हणजे आम्ल साचलेले आहे हे पक्के. साखर १०० च्या वर प्रत्येक १०० ला सोडियममध्ये १.६ मिळवले की खरे सोडियम १४० च्या आसपास निघते, तेव्हा सोडियमची काळजी नाही. उरते पोटॅशियम, आणि उत्तर तिथेच आहे. या आजारात आम्लतेमुळे, इन्शुलिनच्या अभावामुळे आणि रक्त घट्ट झाल्यामुळे पोटॅशियम पेशींतून बाहेर येते आणि लघवीवाटे वाहून जाते. त्यामुळे रक्तातला आकडा साधारण किंवा चढा दिसला तरी शरीरातला साठा आटलेला असतो. इतके सारे बाहेर येत असतानाही ज्या रुग्णाचे पोटॅशियम ३.० आहे तिचा साठा किती खालावला असेल याची कल्पना करा. अशा वेळी इन्शुलिन दिले की उरलेसुरले पोटॅशियम पेशींत शिरते, हृदयाची लय बिघडते आणि श्वासाचे स्नायूही दुबळे पडतात. म्हणून पोटॅशियम ३.५ च्या खाली असेल तर इन्शुलिन थांबवून ठेवायचे, सलाइनमधून तासाला १० ते २० मिलीमोल या गतीने पोटॅशियम द्यायचे आणि आकडा ३.५ च्या वर गेला की मगच दर किलो वजनामागे तासाला ०.१ युनिट इन्शुलिन सुरू करायचे. ३.५ ते ५ च्या दरम्यान असेल तर इन्शुलिन आणि पोटॅशियम दोन्ही सोबत. ५ च्या वर असेल तर इन्शुलिन सुरू करून पोटॅशियम दर दोन तासांनी तपासत राहायचे. या प्रश्नात बायकार्बोनेट हा पर्यायही ठेवलेला असतो. पीएच ७.० च्या खाली गेल्याशिवाय ते देत नाहीत, आणि इथे तर ते पोटॅशियम आणखी उतरवील.

दुसरा सापळा साखर उतरल्यावर लागतो. चार-सहा तासांत साखर २५० च्या खाली येते, विद्यार्थी इन्शुलिन बंद करतो. पण इन्शुलिन चालू होते ते साखरेपेक्षाही कीटोन्ससाठी. त्यामुळे सलाइनमध्ये डेक्स्ट्रोज मिसळून इन्शुलिन चालूच ठेवायचे, पीएच ७.३ आणि बायकार्बोनेट १८ गाठेपर्यंत. शिरेतले इन्शुलिन बंद करण्याआधी एक-दोन तास त्वचेखाली दीर्घ परिणामाचे इन्शुलिन दिलेले असले पाहिजे, नाहीतर रुग्ण पुन्हा होता तिथेच जातो. लघवीतील कीटोन्सच्या पट्टीवरून सुधारणा मोजू नका : ती पट्टी बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट ओळखतच नाही, ॲसिटोॲसिटेट ओळखते, आणि उपचाराने पहिल्याचे रूपांतर दुसऱ्यात होऊ लागले की रुग्ण बरा होत असताना पट्टी अधिक गडद होते. तोंडी परीक्षेत हा मुद्दा हमखास कामी येतो.

एसजीएलटी-२ गटातली मधुमेहाची औषधे घेणाऱ्या रुग्णात साखर २०० च्या आत असतानाही कीटोॲसिडोसिस होतो, हेही याच पानावर लिहून ठेवा.

प्रश्न : तातडीच्या औषधांच्या मात्रा किती पाठ करायच्या? यादी संपतच नाही.

उत्तर : ज्या औषधासाठी पुस्तक उघडायला वेळ मिळणार नाही तेवढ्याच. ॲड्रिनलिनच्या दोन मात्रा मात्र एकमेकींत कधीही मिसळू देऊ नका : ॲनाफिलॅक्सिसमध्ये ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूस, स्नायूत, गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. हृदयक्रिया बंद पडल्यास १ मिलिग्रॅम, शिरेतून, दर तीन ते पाच मिनिटांनी. ॲनाफिलॅक्सिसच्या प्रश्नात हायड्रोकॉर्टिझोन आणि ॲलर्जीचे इंजेक्शन हे पर्याय ॲड्रिनलिनच्या शेजारी मांडून ठेवलेले असतात; ती दोन्ही दुय्यम आहेत. आकडीचा झटका पाच मिनिटांच्या वर चालला तर लोराझेपाम शिरेतून ४ मिलिग्रॅम, शीर सापडली नाही तर मिडाझोलाम स्नायूत १० मिलिग्रॅम. हृदयक्रिया बंद पडून शॉकनेही लय पूर्ववत होत नसेल तर ॲमिओडॅरोन ३०० मिलिग्रॅम. ॲड्रिनल ग्रंथीच्या अरिष्टात हायड्रोकॉर्टिझोन १०० मिलिग्रॅम. दम्याच्या गंभीर झटक्यात मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम, वीस मिनिटांत.

माझ्या मते मात्रेपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे कुठे थांबायचे याची खूण, आणि तिच्याकडे फार थोडे विद्यार्थी लक्ष देतात. ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशक पोटात गेलेल्या रुग्णाला ॲट्रोपिन देताना १ ते ३ मिलिग्रॅमने सुरुवात करून दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत न्यायची. कुठवर? बहुतेक जण लिहितात : बाहुल्या मोठ्या होईपर्यंत. पण बाहुल्या लहान राहूनही रुग्ण सावरलेला असू शकतो. स्टेथोस्कोप छातीवर ठेवा : श्वासनलिकांतली घरघर आणि बुडबुड थांबून श्वास मोकळा ऐकू येऊ लागला, नाडी ८० च्या वर आणि सिस्टॉलिक रक्तदाब ८० च्या वर गेला, काखेतला घाम सुकला, की पुरे. नाडी आधीच जलद आहे म्हणून ॲट्रोपिन रोखून धरणे ही तर नेहमीची चूक, कारण ती जलद नाडी गुदमरल्यामुळेही असू शकते. आणि ॲट्रोपिनने स्नायूंचा दुबळेपणा जात नाही. मान उचलता येईनाशी झाली तर श्वासाच्या यंत्राची तयारी ठेवावी लागते. रुग्णाचे कपडे काढून अंग धुणे आणि स्वतः हातमोजे घालणे हे सर्वांत साधे पर्याय विद्यार्थी का कोण जाणे हटकून वगळतात.

प्रश्न : दम्याच्या रुग्णाचा धमनीरक्ताचा अहवाल ‘सर्व साधारण’ असूनही उत्तरपत्रिकेत ‘अतिदक्षता विभागात हलवा’ असे होते. हे कसे?

उत्तर : दम्याच्या जोरदार झटक्यात रुग्ण मिनिटाला तीस वेळा श्वास घेत असतो, तेव्हा कार्बन डायऑक्साइड उतरलेला असायला हवा. तो साधारण आहे म्हणजे रुग्ण थकू लागला आहे. छातीतली शिट्टी ऐकू येईनाशी होणे हेही त्याच अर्थाचे चिन्ह आहे. सीओपीडीच्या (श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार) जुन्या रुग्णात हिशेब निराळा : तिथे ऑक्सिजनची पातळी ८८ ते ९२ टक्के राहील इतकाच ऑक्सिजन द्यायचा, पण भीतीने तो अजिबात न देणे हे जास्त वाईट. पीएच ७.३५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड वाढलेला राहिला तर मुखवट्याद्वारे श्वासाला आधार.

प्रश्न : जुन्या आणि नव्या पुस्तकांतले आकडे जुळत नाहीत. परीक्षेत कोणता लिहावा? — दोन वर्षांच्या खंडानंतर पुन्हा परीक्षेला बसणारी वाचक

उत्तर : तुम्ही ज्या परीक्षेला बसता तिने नेमलेली किंवा मान्य केलेली मार्गदर्शक तत्त्वे असतील, तर त्यांची ताजी आवृत्ती. तशी सोय नसेल तर जे बदलले आहे त्याची एक छोटी यादी करा. ती वाटते तितकी लांब नसते. कीटोॲसिडोसिसमध्ये इन्शुलिन रोखण्याची पोटॅशियमची सीमा पूर्वी ३.३ होती, २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार ती ३.५ आहे. हृदयविकाराच्या प्रत्येक झटक्यात ऑक्सिजन लावण्याची रीत गेली. पातळी ९० टक्क्यांच्या खाली असेल तरच तो लावायचा. हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णात २०१० पासून आधी छातीवर दाब, मग श्वासमार्ग असा क्रम झाला. दाबांची गती मिनिटाला १०० ते १२०. टेन्शन न्यूमोथोरॅक्समध्ये प्रौढ रुग्णात सुई घालण्याची जागा दुसऱ्या बरगडीखालून सरकून बरगड्यांमधल्या चौथ्या किंवा पाचव्या फटीत, काखेच्या मध्यरेषेच्या जरा पुढे आली आहे.

सोडियमचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे, कारण तिथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्याने गोंधळ होतो. सोडियम १०८ आणि रुग्णाला आकडीचे झटके येत आहेत, तर ३ टक्के सलाइन १०० ते १५० मिली दहा मिनिटांत द्यायचे, आणि पहिल्या काही तासांत सोडियम ४ ते ६ ने वाढले तरी मेंदूची सूज उतरायला ते पुरते. ही झाली तातडी. मर्यादा वेगळी : २४ तासांत ८ ते १० च्या वर वाढ होऊ द्यायची नाही, आणि दारूचे व्यसन, कुपोषण, यकृताचा आजार किंवा कमी पोटॅशियम असलेल्या रुग्णात ८ हीच सीमा मानायची, नाहीतर मेंदूच्या देठाच्या मध्यभागी मज्जातंतूंचे आवरण झडते आणि रुग्ण काही दिवसांनी लुळा पडतो. पहिल्या सहा तासांतच ६ ने वाढ झाली असेल तर पुढच्या अठरा तासांत जेमतेम दोन-चारच उरतात. अचानक भरपूर, फिकट लघवी होऊ लागली तर सोडियम झपाट्याने चढणार हे ओळखून ५ टक्के डेक्स्ट्रोज आणि डेस्मोप्रेसिन हाताशी ठेवायचे. परीक्षक हा टप्पा अलीकडे वारंवार विचारतात.

प्रश्न : ऑस्कीत (टप्प्याटप्प्यांच्या प्रात्यक्षिक परीक्षेत) बेशुद्ध रुग्णाचे स्टेशन आले की मी थेट निदानाकडे धावतो आणि गुण जातात.

उत्तर : गुणपत्रकावर निदानाला बहुधा थोडेच गुण असतात. सुरक्षितता पाहणे, हाक मारून प्रतिसाद पाहणे, मदत बोलावणे, श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध व बाहुल्या, अंग उघडून पाहणे या प्रत्येकापुढे रकाना असतो आणि परीक्षक तुमच्या मनातले ओळखू शकत नाही. जे करता ते मोठ्याने बोला : ‘बोटातून रक्तातील साखर तपासतो आहे, ती ४० आहे, शिरेतून ग्लुकोज देतो आहे.’ रुग्ण दारूच्या आहारी गेलेला किंवा कुपोषित असेल तर थायमिनही द्या, मात्र थायमिन आणण्यासाठी ग्लुकोज रोखून धरू नका. एक टप्पा सुधारला नाही तर पुढे न जाता तिथेच काय करणार ते सांगा, आणि प्रत्येक उपचारानंतर पुन्हा पहिल्यापासून तपासतो आहे हेही सांगा. घरी सरावासाठी मित्राला परीक्षक करा आणि त्याला सांगा की तुम्ही न बोललेली कोणतीही कृती त्याने धरायची नाही.

प्रश्न : थायरॉइड स्टॉर्ममध्ये (थायरॉइड संप्रेरकाचा जीवघेणा अतिरेक) आयोडीन औषध म्हणूनही देतात आणि त्याने आजार वाढतो असेही लिहिलेले असते. शिवाय मिक्सिडिमा कोमात (त्याच संप्रेरकाच्या तीव्र अभावाने येणारी बेशुद्धी) थायरॉक्सिनच्या आधी स्टेरॉइड का?

उत्तर : दोन्ही प्रश्न क्रमाचेच आहेत. आयोडीन ग्रंथीतून संप्रेरक बाहेर पडणे रोखते, पण तेच संप्रेरकाचा कच्चा मालही आहे. म्हणून आधी प्रॉपिलथायोयुरॅसिल किंवा मेथिमॅझोल देऊन कारखाना बंद करायचा आणि किमान तासाभराने आयोडीन द्यायचे. प्रॉप्रॅनोलॉल आणि हायड्रोकॉर्टिझोन सोबत असतातच. ताप उतरवायला पॅरासिटामॉल वापरावे, ॲस्पिरिन नको, कारण ते प्रथिनांना चिकटलेले थायरॉक्सिन मोकळे करते.

मिक्सिडिमा कोमाच्या रुग्णात ॲड्रिनल ग्रंथीही निकामी झालेल्या असू शकतात, आणि त्या क्षणी ते कळायला मार्ग नसतो. थायरॉक्सिन दिल्यावर चयापचय वेगावतो, शरीरातले उरलेसुरले कॉर्टिसॉल लवकर संपते आणि रक्तदाब कोसळतो. तेव्हा कॉर्टिसॉल तपासण्यासाठी रक्ताचा नमुना काढून घ्यायचा, अहवालाची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिझोन १०० मिलिग्रॅम शिरेतून द्यायचे आणि त्यानंतर थायरॉक्सिन. अहवालात कॉर्टिसॉल पुरेसे निघाले तर स्टेरॉइड बंद करता येते.